पात्याचा जिग घरी बांधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरचा. हौशी गळकरी. जिग, म्हणजे माशाला फसवायचं गळावरचं खोटं आमिष, बांधायला लागलो तो भाच्यामुळे. तो अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये असतो आणि सुटीच्या दिवशी बास नावाचा शिकारी मासा धरायला जातो. तिकडे चांगल्या पात्याच्या जिगला पंधरा-सोळा डॉलर पडतात आणि बुडालेल्या एखाद्या झाडात अडकला की गेलाच. एका दिवाळीत तो दोन जिग घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही सोनारकाम शिकलेले आहात, हे जमेल का बघा." तेव्हापासून माझ्या टेबलावर हाच पसारा आहे. त्याच्यासाठी बांधतो आणि इथे मरळीसाठी मी स्वतःही वापरतो. रामबाग, सुदामानगर, लोकमान्यनगरातून मुलं आणि काही काका मंडळी विचारत असतात, त्यांच्यासाठी हे एकदा नीट लिहून ठेवतो.

पात्याचा जिग म्हणजे नक्की काय?

साधा जिग म्हणजे गळावर ओतलेलं धातूचं डोकं आणि त्याच्या मागे पट्ट्यांची झालर; गळावर मऊ प्लास्टिकचं शेपूटही चढवतात. त्याच डोक्याच्या पुढे एक उभं, षटकोनी वळणाचं पत्र्याचं पातं टांगलं की झाला पात्याचा जिग. दोरी गळाला बांधायची नसते, पात्याला बांधायची असते. सगळी करामत या एका बदलात आहे.

पातं थरथरतं कशामुळे?

हे नीट समजून घ्या. हे कळलं की पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात.

पात्याला दोन भोकं असतात. वरच्या भोकात दोरीची कडी, खालच्या भोकात जिगचं डोकं. दोरी ओढली की पातं पाण्यासमोर आडवं येतं, आणि पाण्याचा सगळा दाब त्याच्या तोंडावर बसतो. इतक्या दाबाखाली ते सरळ राहू शकत नाही. एका अंगाला कलतं, त्याची कड डोक्यावर आपटते आणि तिथे अडते. अडल्याबरोबर पाणी दुसऱ्या कडेवर जोर करतं, पातं उलट बाजूला जातं, तिथेही आपटतं. हे इतक्या भराभर होतं की रॉडच्या मुठीत सलग थरथर जाणवते. पात्याच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर डोकं विरुद्ध बाजूला ढकललं जातं, म्हणून मागची झालर आणि शेपूटही वळवळतात.

म्हणजे डोकं हा नुसता भार नाही, पात्याला अडवणारा तो खुंटा आहे. डोक्याशिवाय पातं नुसतं गरगर फिरेल.

माशाच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक पार्श्वरेषा असते. तिच्यामुळे त्याला पाण्यातली हालचाल अंगावर कळते. गढूळ पाण्यात जिथे डोळ्यांचा उपयोग होत नाही, तिथे ही थरथर त्याला बोलावून आणते.

हा शोध कुणाचा?

अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायनातल्या रॉन डेव्हिस पितापुत्रांचा. त्यांच्या रॅड ल्युअर्सने त्याला 'चॅटरबेट' नाव दिलं. 2006 मध्ये ब्रायन थ्रिफ्टने फ्लोरिडातल्या ओकीचोबी सरोवरावरची स्पर्धा त्यावर जिंकली आणि सगळीकडे त्याची मागणी उसळली. पुढे हे नाव झी-मॅन कंपनीकडे गेलं.

आपल्याकडे बास नाही. मग इथे याचा उपयोग काय?

आपल्या पाण्यातली मरळ (हिंदीत सौल) दबा धरून झडप घालणारी शिकारी आहे. बुडालेलं खोड, गवताची कड, दगडांचा आडोसा या तिच्या जागा. लार्जमाउथ बासच्या सवयीही याच. नात्याने दोघांचा काही संबंध नाही. बास सनफिशच्या कुळातला, मरळ चन्ना कुळातली आणि वर येऊन हवा घेणारी. पण आडोशातून तुटून पडण्याची रीत एकच असल्यामुळे जिग दोघांनाही चालतो.

एक मात्र खरं सांगतो. जलकुंभीचा किंवा कमळाचा पूर्ण गालिचा असेल तर हा जिग काढूच नका. याचा गळ उघडा असतो, दर फेकीला पाला गुंतून येईल. तिथे रबरी बेडूकच हवा. जिग गालिच्याच्या कडेने, बेशरमाच्या झुडपांपुढच्या मोकळ्या पाण्यात, बुडालेल्या बांधाच्या बाजूने टाका.

मग बासच इथे आणून सोडला तर?

नको. 1925 मध्ये जपानच्या आशी सरोवरात अमेरिकेतून बास आणून सोडला. तिथून तो देशभर पसरला आणि त्याने स्थानिक मासे खाल्ले. आज जपानच्या आक्रमक परकीय प्रजातींच्या कायद्याने तो जिवंत नेण्या-आणण्यावर आणि सोडण्यावर बंदी आहे. जगातल्या सर्वांत मोठ्या बासचा 1932 सालचा विक्रम जॉर्जियातल्या जॉर्ज पेरीचा, 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे दहा किलोंच्या थोडा वर. त्याची बरोबरी 2009 मध्ये झाली ती जपानच्याच बिवा सरोवरात. विक्रम मोठा आहे, पण त्या सरोवराच्या मूळच्या माशांनी त्याची किंमत मोजली. नर्मदेत महाशीर आहे, तो मध्य प्रदेशाचा राज्यमासा. तिथे आणखी एक खादाड पाहुणा नको.

वजन कोणतं घ्यावं?

अमेरिकेत वजन औंसात सांगतात: पाव औंस म्हणजे सुमारे 7 ग्रॅम, तीन अष्टमांश म्हणजे साडेदहा, अर्धा म्हणजे 14, पाऊण म्हणजे 21. एकच घ्यायचा असेल तर साडेदहा ग्रॅम घ्या. कंबरभर ते पुरुषभर पाण्यात तो सगळीकडे चालतो. त्याहून उथळ पाण्यात 7, खोल पाण्यात किंवा पाण्याखालच्या गवताच्या शेंड्यांवरून जोरात खेचायचा असेल तर 14. वजन खोलीशी जितकं जोडलेलं आहे तितकंच वेगाशीही. हळू ओढायचंय तर हलका, नाहीतर तळाला घासेल. भराभर ओढायचंय तर जड, नाहीतर पृष्ठभागावर येऊन आडवा पडेल.

पातं कशाचं करावं? इंदूरात पत्रा कुठे मिळतो?

स्टेनलेस स्टीलचा 0.8 मिलिमीटरचा पत्रा. लोहामंडीत कापातले तुकडे मिळतात, पूर्ण शीट घ्यायची गरज नाही. माझं पातं साधारण 30 मिलिमीटर उंच आणि 20 रुंद असतं, वरच्या टोकाला निमुळतं. आधी पुठ्ठ्यावर नमुना कापा, पत्र्यावर सुईने आखा आणि मग कापा. स्टील कातरीला चिवट जातं, हात दुखतो. भोकाच्या जागी आधी पंच मारून खळगा करा, तेलाचा थेंब टाका आणि ड्रिल सावकाश चालवा. घाई केली तर स्टील तापून कडक होतं आणि बिट जळतो.

पितळ कसेरा बाजारात सहज मिळतं, कापायला लोण्यासारखं आहे आणि त्याचा आवाजही जाड येतो. पण दगडावर आपटलं की वाकतं. शिकायला पहिली दहा पाती पितळेची करा. पुढे स्टील. बाजारात पारदर्शक पॉलिकार्बोनेटची पातीही येतात, ती नितळ पाण्यासाठी. आवाज कमी, चमक नाही.

कडा कानशीने गुळगुळीत करायला विसरू नका. भोकाची धार राहिली तर कडी झिजते आणि मोठा मासा नेमका तेव्हाच सुटतो. लहान गोल तोंडाची पक्कड आणि बारीक कानस सराफ्यात सोनारी अवजारांच्या दुकानातून घ्या. हार्डवेअरच्या दुकानातली पक्कड या कामाला बोजड पडते.

पातं आणि डोकं जोडायचं कसं?

सगळ्यांत जास्त जिग इथेच बिघडतात. दुकानातून आणलेल्यांचंही तेच.

पात्याने दोन्ही बाजूंना डोक्यावर आपटायला हवं, आणि आपटल्यावर लगेच सुटायला हवं. मधली जागा कमी असेल तर पातं कलतच नाही, जिग नुसता चमच्यासारखा ओढला जातो. जागा जास्त असेल तर पातं एका बाजूने डोक्याच्या मागे सरकतं आणि तिथेच अडकून बसतं. दोन्ही वेळा थरथर नाही.

घरी करायला सोपी रीत म्हणजे डोक्याच्या आकड्यात (डोक्याबाहेर आलेल्या गळाच्या गोल नाकात) एक लहान दुपदरी कडी आणि त्या कडीत पात्याचं खालचं भोक. कडी जितकी लहान बसेल तितकी लहान घ्या, फक्त पातं मोकळं हललं पाहिजे. महागड्या जिगांमध्ये पातं कडीशिवाय थेट आकड्यात बसवलेलं असतं. मधे ढिलाई नसल्यामुळे ते पहिल्या हातभर ओढीतच चालू होतं. कडीवाला जिग थोडं अंतर गेल्यावर पकड घेतो. मी पात्याचं भोक कानशीने लांबट करून, गळाचा आकडा ओतण्याआधी किंचित उघडून पातं थेट अडकवतो आणि आकडा बंद करून चांदीच्या झाळणाचा ठिपका देतो. पण झाळण देताना गळ तापतो आणि स्टीलचा टणकपणा जातो. गळाची दांडी ओल्या चिंधीत गुंडाळून फक्त आकडाच तापवता येत असेल तरच हे करा. नाहीतर कडीच बरी.

तपासायला नदीवर जायची गरज नाही. अंगणातल्या हौदात हातभर दोरीने ओढून बघा. बोटांना गुदगुल्या झाल्या पाहिजेत. नाही झाल्या तर कडी बदला. मी जिगला रंग द्यायच्या आधीच ही परीक्षा घेतो, कारण न चालणाऱ्या जिगवर रंग घालवण्यात अर्थ नाही.

गळ कोणता?

जाड तारेचा, 4/0 किंवा 5/0 मापाचा, जिगसाठी आकडा वाकवलेला. एकदा मी एका दुकानातून स्वस्त गळांचं पाकीट आणलं. चोरलच्या बाजूला एक मोठी मरळ लागली आणि गळ सरळ होऊन हातात आला. तेव्हापासून नवीन पाकिटातला एक गळ पक्कडीत धरून वाकवून बघतो. वाकून परत जागेवर आला तरच बाकीचे वापरतो.

डोकं शिशाचं ओतावं का?

माझं मत: नको. आणि भाच्यासाठी तर करताच येत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये 2012 पासून गोड्या पाण्यात एक औंसापेक्षा हलकी शिशाची वजनं आणि जिग वापरायला बंदी आहे. न्यू हॅम्पशर आणि मेनमध्येही कायदे आहेत. लून नावाचे पाणपक्षी तुटलेले जिग गिळतात आणि शिशाच्या विषाने मरतात, म्हणून हे कायदे झाले. ब्रिटननेही 1987 मध्ये शिशाची लहान वजनं विकायला बंदी केली. आपल्याकडे असा कायदा नसला तरी शिसं घरातल्या लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. त्याची धूळ हातावर, कपड्यांवर घरात येते. शिसं वापरायचंच असेल तर स्वयंपाकघरात अजिबात नाही, जेवणाची भांडी नाहीत, उघड्यावर, मास्क आणि हातमोजे घालून.

मी कथील वापरतो. शिसं 327 अंशांवर वितळतं, कथील 232 वर, त्यामुळे लहान विजेच्या शेगडीवरही काम होतं. जेल रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत बिनशिशाचं सोल्डर मिळतं, ते जवळजवळ सगळं कथीलच असतं. कल्हईवाल्याकडूनही कथील मिळतं, पण पारखून घ्या. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली की करकर असा बारीक आवाज येतो. आणि कागदावर ओढा. करडी रेघ उमटली तर त्यात शिसं आहे.

कथील हलकं असतं, हा हिशेब मात्र चुकवू नका. शिशाची घनता 11.3, कथलाची 7.3. शिशाने 14 ग्रॅम भरणाऱ्या साच्यात कथलाचे 9 ग्रॅमच बसतात. तेव्हा साचा एक आकार मोठा घ्या. बिस्मथ आणि कथलाचा 58 ला 42 मिश्रधातू त्यापेक्षा जड आणि फक्त 138 अंशांवर वितळणारा. तो मिळाला तर उत्तम, पण इंदूरात सहज मिळत नाही, बाहेरून मागवावा लागतो.

साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा चालतो. तो पूर्ण वाळलेला हवा. एका पावसाळ्यात मी दोन दिवस वाळवलेला साचा कोरडा समजून ओतायला घेतला. आत ओल होती, तिची वाफ झाली आणि वितळलेला धातू साच्याबाहेर उडाला. चष्मा होता म्हणून डोळे वाचले, मनगटावर डाग अजून आहे. आता साचा भट्टीजवळ तास-दीड तास गरम करूनच घेतो, आणि श्रावणात ओतकाम बंद ठेवतो.

डोक्याला रंग कसा द्यावा?

पावडरचा रंग सर्वांत टिकाऊ. डोकं गरम करून पावडरीत बुडवायचं आणि मग भट्टीत साधारण 175 ते 180 अंशांवर वीस मिनिटं ठेवायचं. जेवण ज्यात करता तो ओव्हन नको. शिसं आणि शुद्ध कथील हे सोसतात. बिस्मथचं डोकं मात्र 138 लाच वितळून जाईल, त्यावर इनॅमल किंवा एपॉक्सीच लावा. घरात नेलपॉलिश असतंच, तेही चालतं, फक्त दोन हात जास्त द्या.

झालर टिकत नाही, काय करावं?

बाजारातल्या झालरीला रबराची चकती असते. निमाडच्या उन्हात ती एका मोसमात चिरते आणि पट्ट्या गळून पडतात. चकती काढून टाका. सिलिकॉनच्या चाळीस-पन्नास पट्ट्या मुठीत सारख्या करा आणि मोटार बांधणाऱ्या कारागिराकडून वाइंडिंगची बारीक तांब्याची तार आणून त्या मानेवर घट्ट बांधा. सात-आठ वेढे, टोक पिळून आत दाबायचं. पट्ट्या तारेच्या दोन्ही बाजूंना निम्म्या-निम्म्या ठेवा. मग पुढच्या पट्ट्या मागे वळून फुगतात आणि पाण्यात झालर श्वास घेतल्यासारखी उघडते-मिटते.

मागे शेपूट कोणतं लावायचं?

चपटं, दुभंगलेलं, सरळ शेपूट पात्याच्या थरथरीच्या आड येत नाही. वल्ह्यासारखं शेपूट स्वतः हलतं, जिगला वर उचलतं, पण थरथर थोडी मंदावते. थंड पाण्यात आणि सावध माशाला मी सरळ लावतो, उथळ पाण्यात हळू ओढायचं असेल तर वल्ह्याचं. लांबी झालरीपेक्षा दोन बोटं जास्त. शेपूट वाकडं बसवलं तर जिग वाकडाच चालणार, गळावर चढवताना शिवण मधोमध ठेवा.

कोणता रंग?

यावर तासन्‌तास चर्चा होते. माझ्या पेटीत तीनच रंग आहेत. नितळ पाण्याला हिरवट तपकिरी, गढूळ पाण्याला काळा-निळा, आणि लहान मासे पळताना दिसले तर पांढरा. भाचा वसंतात लालसर तपकिरीही मागतो, तिथे बास तेव्हा क्रेफिश (गोड्या पाण्यातले झिंग्यासारखे जीव) खातात.

जिग एका बाजूला पळतो. पातं खराब आहे का?

बहुतेक वेळा पात्याचा दोष नसतो. आधी शेपूट बघा. मग गळाचा आकडा डोक्याच्या मधोमध आहे का ते समोरून बघा. शेवटी पातं. जिग डावीकडे पळत असेल तर आकडा पक्कडीने केसभर उजवीकडे वळवा आणि पुन्हा ओढून बघा. एका वेळी एकच बदल. दोन बदल एकदम केले तर कशाने सुधारलं ते कळत नाही.

रॉड आणि दोरी?

सात फुटी, मध्यम-भारी, पण टोकाला मऊ वाकणारा रॉड. कडक रॉडने मासा पातं तोंडात घेण्याआधीच आपण ओढून काढतो. बाससाठी भाचा 15 ते 20 पौंडांची फ्लुरोकार्बनची दोरी वापरतो. मरळीसाठी इथे मी ब्रेड (विणलेली दोरी) वापरतो, कारण मासा लागल्याबरोबर पाल्यात घुसतो. ब्रेड ताणली जात नाही, म्हणून झटका थोडा उशिरा द्या.

कसा ओढायचा?

सरळ ओढला तरी चालतो, पण मासे येतात ते लय मोडल्यावर. गवताच्या शेंड्याला अडकू द्या आणि मनगटाने झटकून सोडवा. बहुतेक झडप त्या सुटण्याच्या क्षणी येते. आणि थरथर अचानक बंद झाली तर वाट बघू नका. पाला नसेल तर मासाच आहे.

इंदूरच्या आसपास कुठे टाकता येईल? परवानगी लागते का?

लागते. तळी आणि जलाशयांचे मासेमारीचे हक्क सहकारी समित्यांना दिलेले असतात आणि इंदिरासागरसारख्या मोठ्या जलाशयांचं काम मत्स्य महासंघाकडे आहे. तिथल्या समितीच्या माणसाला भेटा, नीट बोला. ती त्यांची रोजीरोटी आहे. सिरपूर आणि यशवंतसागर 2022 पासून रामसर स्थळं (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागा) आहेत, तिथे पक्षी आहेत. दुर्बीण न्या, रॉड घरी ठेवा. महेश्वर आणि ओंकारेश्वरच्या घाटांवर लोक माशांना कणकेच्या गोळ्या घालतात, तिथेही गळ टाकू नका. महाशीर लागला तर पाण्यातच ठेवून गळ काढा आणि सोडा. यासाठी गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा मी पक्कडीने दाबून सपाट केलेला असतो.

16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. मासे त्याच दिवसांत अंडी घालतात.

पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका दिसतो, खाली मोठी मरळ असते. तिथे जिग टाकला तर लगेच लागते ना?

लागते. ती भूक म्हणून नाही, पिल्लांवरून काही गेलं म्हणून झडप घालते. मरळीचे आईबाप दोघंही पिल्लांची राखण करतात. त्यांना उचललं की तो घोळका तासाभरात बाकीचे मासे आणि बगळे संपवतात. बंदी उठल्यानंतरही असे घोळके दिसतात. तिथून पुढे सरका.

भाच्यासाठी, मुलासाठी विमानातून पाठवायचे तर?

गळ हातातल्या पिशवीत नको, चेक-इनच्या बॅगेतच. प्रत्येक जिग वेगळ्या छोट्या डबीत ठेवा, नाहीतर झालरी एकमेकींत गुंततात. सिलिकॉनची झालर आणि मऊ प्लास्टिकचं शेपूट एका डबीत ठेवलं तर एकमेकांना चिकटून खराब होऊ शकतात. शेपटं त्यांच्या मूळ पाकिटातच जाऊ द्या. आणि डबीवर धातूचं नाव लिहा, कथील की बिस्मथ. तिकडे कुणी विचारलं तर त्याला उत्तर देता आलं पाहिजे.